चेंबरचा नट कुणी उघडायचा?

गेल्या मे महिन्यात तासगावजवळच्या आमच्या घरी सकाळी सात वाजता एक मेस्त्री मोटारसायकलवरून आला. मागच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेली, एका पिशवीत ऑइलचा सीलबंद कॅन, दुसरीत फिल्टर. वडिलांची दहा वर्षांची पेट्रोल गाडी त्याने अंगणातल्या फरशीवर घेतली, जॅकने पुढून उचलली, खाली दोन स्टँड लावले आणि मगच गाडीखाली शिरला. चेंबरचा नट सुटला तशी काळ्या ऑइलची धार जुन्या घमेल्यात पडू लागली. त्याने त्यातलं थोडं बोटांवर घेऊन चोळलं आणि बोटं उन्हात धरून पाहिली. धातूची चकाकी नव्हती. एअर फिल्टर काढून पायरीवर आपटला, तर मूठभर धूळ पडली. सगळं झाल्यावर पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी हलवून बघत तो वडिलांना म्हणाला, "आबा, लोअर आर्मचा बुश गेलाय. ह्ये हितं न्हाई व्हायचं. प्रेस लागतंय, वर अलाइनमेंट करावी लागंल. सांगलीला टाका."

त्या शेवटच्या तीन वाक्यांसाठी मी त्याचा नंबर जपून ठेवलाय. आपल्याला काय जमत नाही हे जो आपणहून सांगतो, त्याच्याकडे जमणारं काम निर्धास्त द्यावं.

सातारा आणि सांगलीत गाडीच्या सर्व्हिसिंगला आता पर्याय भरपूर झालेत. कंपनीची अधिकृत वर्कशॉपं आहेत, ज्यांना आपण सरळ 'शोरूम' म्हणतो. मोठ्या कंपनीची पाटी लावलेली साखळी गॅरेजं आली. फोन केला की घरी येणारे मेस्त्री आहेत. आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आपल्या पेठेतलं, गल्लीतलं गॅरेज तर आहेच. ओळखीचे लोक मला विचारतात, "गाडी कुठं टाकू?" मी उलट विचारतो, "काम काय आहे? आणि गाडी किती सालची?" एकाच गाडीची चार कामं चार ठिकाणी करणं यात काही वावगं नाही.

आधी वॉरंटीचं बघू, कारण तिथली चूक सगळ्यात महाग पडते. मारुतीने ९ जुलै २०२४ पासून नव्या गाड्यांची साधी वॉरंटी दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. यातलं जे आधी पुरं होईल ते धरतात. साताऱ्याहून रोज पुण्याला गाडीने ये-जा करणाऱ्याचे लाख किलोमीटर दीड वर्षातच होतात, तेव्हा नुसतं साल बघून चालत नाही. वॉरंटी आहे तोवर ठरलेलं प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपलाच करा, आणि ठरलेल्या तारखेला किंवा किलोमीटरला करा. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते. ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात. हे आधी माहीत असलं तर काउंटरवरची निम्मी भांडणं टळतील.

कायद्याच्या अंगाने इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणं, बाहेर काम केलं तर वॉरंटी रद्द होईल अशी अट घालणं, हे आयोगाला मान्य नव्हतं. पुढे हे प्रकरण अपिलात आणि कोर्टात गेलं. मूळ मुद्दा मला पूर्ण पटतो: गाडी आपली आहे, ती कुणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे आपण ठरवायचं. पण उद्या गिअरबॉक्स गेला आणि क्लेम करायची वेळ आली, तर पहिला प्रश्न 'आधीची सर्व्हिसिंगं कुठे केली' हाच येतो. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा ती दोन-तीन वर्षं अधिकृत वर्कशॉपला गेलेलं बरं. टायर, पंक्चर, एसीचा फिल्टर, वायपर ही कामं मात्र वॉरंटीतही बाहेर करायला हरकत नाही. बॅटरीला बॅटरी कंपनीची स्वतंत्र वॉरंटी असते. तिच्यासाठी आधी ते कार्ड काढा.

आणखी एक. गाडी ज्या डीलरकडून घेतली त्याच्याकडेच सर्व्हिसिंग केलं पाहिजे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तसं काही नाही. त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला गाडी चालते, नोंद कंपनीच्या संगणकावर राहते. साताऱ्याला घेतलेली गाडी सांगलीला, कराडला किंवा कोल्हापूरला टाका. मी एकाच कंपनीच्या दोन वर्कशॉपांतला फरक अनुभवलाय, तेव्हा एका ठिकाणी मन रमलं नाही तर दुसरं बघा.

शोरूमला गेल्यावर काय जपायचं हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी सोडली, चहा घेतला, सर्व्हिस ॲडव्हायझरने पुढे केलेल्या जॉब कार्डवर न वाचता सही केली. संध्याकाळी बिलात चार ओळी अशा होत्या, की ज्या मी मागितल्याच नव्हत्या: एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, उंदीर येऊ नयेत म्हणून मारायचा स्प्रे आणि इंजेक्टर क्लीनिंग. या चार ओळींचे साडेतीन हजार. सही माझी होती, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती. घरी येऊन सहज एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत जुनाच फिल्टर. बिलात मात्र नव्याचे पैसे लावलेले. दुसऱ्या दिवशी परत गेलो, त्यांनी चूक मान्य करून फिल्टर बदलून दिला. तेव्हापासून गाडी सोडण्याआधी मी एअर फिल्टरच्या कडेला आणि ऑइल फिल्टरवर मार्करने छोटी रेघ ओढतो. जॉब कार्डवर 'मालकाला फोन केल्याशिवाय जादा काम करू नये' आणि 'जुने पार्ट परत द्यावेत' ही दोन वाक्यं स्वतःच्या हाताने लिहितो. यात कुणाचा अपमान नाही. चांगला ॲडव्हायझर उलट खूश होतो, कारण त्याचंही काम स्पष्ट होतं.

म्हणून शोरूमला जाऊच नये असं मी म्हणणार नाही. काही कामं तिथेच नीट होतात. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि संगणक इतके आहेत, की कंपनीच्या स्वतःच्या स्कॅनरशिवाय काही बिघाड पकडताच येत नाहीत. एअरबॅग, एबीएस, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांना बाहेरचा हात लावू देऊ नका. रिकॉलचं कामही तिथेच, आणि फुकट. २०२३ च्या जानेवारीत मारुतीने एअरबॅग कंट्रोलर बदलण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या. अशा वेळी ज्यांची गाडी वर्षानुवर्षं गल्लीतल्या गॅरेजला जाते, ज्यांचा फोन नंबर बदललाय किंवा ज्यांनी गाडी जुनी घेतलीय, त्यांच्यापर्यंत निरोप पोचायला उशीर होतो. वर्षातून एकदा कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुराचं कामही शोरूमचंच. सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर या भागांत उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर "बघू तरी चालू होतीय का" म्हणून किल्ली फिरवणं हा सगळ्यात मोठा घात. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवावं लागतं, आणि विमा कंपनी म्हणते की नुकसान तुम्ही स्वतः केलं. किल्ली लावू नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलूनच न्या. इंजिन प्रोटेक्शनचं जोड-संरक्षण पॉलिसीत आहे का, हे नदीकाठच्या प्रत्येकाने जूनच्या आधी तपासून घ्यावं. कॅशलेस क्लेमला अधिकृत वर्कशॉप सोयीचं पडतं. फिरत्या मेस्त्रीला यात कितीही जीव ओतला तरी काही करता येणार नाही.

आता तो फिरता मेस्त्री. जत, आटपाडी, माण, खटाव भागातल्या लोकांसाठी तो मला खरा आधार वाटतो. जतहून सांगलीला जायचं म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या पुढे; ऑइल बदलायला अख्खा दिवस मोडायचा, डिझेल जाळायचं, आणि तिथे गेल्यावर "उद्या मिळेल" ऐकायचं. वयस्कर आई-वडील गावी आणि मुलं पुण्यात, अशी घरं तर आपल्याकडे जागोजागी आहेत. वॉरंटी संपलेल्या साध्या गाडीचं ऑइल, तीनही फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी, वायपर, बल्ब, पुढचे ब्रेक पॅड ही कामं अंगणात नीट होतात. डोळ्यांसमोर होतात हा वरचा फायदा. क्लच, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे बुश, व्हील अलाइनमेंट, एसीचा गॅस, डेंटिंग-पेंटिंग ही कामं अंगणातली नाहीत. सीएनजीच्या टाकीला आणि पाइपला तर अजिबात हात लावू देऊ नका. तिची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट मान्यताप्राप्त केंद्रातच करायची असते.

मेस्त्री घरी बोलवाल तेव्हा तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली तो शिरत असेल, तर काम तिथेच थांबवा; गाडी घसरली तर माणूस जातो. ऑइलचा कॅन तुमच्यासमोर उघडू दे, आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकातल्याशी जुळवून बघा. नव्या पेट्रोल गाड्यांना ०-डब्ल्यू-१६ किंवा ०-डब्ल्यू-२० असं पातळ ऑइल लागतं. त्यात ट्रॅक्टरला चालतं म्हणून जाड ऑइल ओतलं की ॲव्हरेज पडतं, आणि थंडीत गाडी चालू झाल्यावर ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो. बीएस-६ डिझेलला डीपीएफ म्हणजे धुराची जाळी असते. तिच्यासाठी कमी राख सोडणारं खास ऑइल येतं, साधं ऑइल घातलं तर जाळी हळूहळू तुंबते. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याला त्या गाडीचा चेंबर उघडू देऊ नका. आणि तिसरं, काळं ऑइल. ते गटारात किंवा उकिरड्यावर जाऊ देऊ नका. ते पाझरून जमिनीत उतरतं आणि त्याच जमिनीत आपली विहीर आहे. मेस्त्रीने ते कॅनमध्ये भरून भंगारात ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यायला हवं. आमच्याकडे येणारा ते न सांगता करतो.

साखळी गॅरेजबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचं सगळं एका प्रश्नावर येऊन थांबतं: आत हात कुणाचा आहे? बॉश कार सर्व्हिस, मायटीव्हीएस यांसारख्या पाट्या आता पुण्या-मुंबईबाहेरही दिसतात. पाटी मोठ्या कंपनीची, पण गॅरेजचा मालक बहुतेक वेळा आपल्याच गावातला असतो. फायदा असा, की दर आधी कळतात, पक्कं बिल मिळतं, कामाची लेखी हमी मिळते, आणि सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका छपराखाली होतात. तीन ते आठ वर्षांच्या गाडीला ही जागा चांगली. पण हमी कुणाची, गॅरेजची की साखळीची, हे बिलावर वाचून घ्या. २०२३ च्या जानेवारीत गोमेकॅनिक या कंपनीच्या संस्थापकाने हिशेबात चुका केल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि बहुतांश कर्मचाऱ्यांना घरी पाठवावं लागलं. साखळी डळमळली तरी गॅरेजवाला जागेवर असेल का, हा विचार आधी केलेला बरा.

गल्लीतल्या गॅरेजला मी शेवटी ठेवलं, पण माझ्या मते आठ-दहा वर्षांपुढच्या गाडीचा खरा डॉक्टर तोच. त्याला तुमच्या गाडीचा आवाज ओळखू येतो. फक्त पार्टचा विषय त्याच्याशी उघड बोला. कंपनीच्या डब्यातला पार्ट, तोच पार्ट बनवणाऱ्या नामांकित कंपनीच्या डब्यातला पार्ट आणि बिननावाचा लोकल पार्ट, असे तीन प्रकार असतात. मधला प्रकार बहुतेक कामांना उत्तम आणि स्वस्त. ब्रेक आणि स्टिअरिंगला लोकल पार्ट कधीच नको.

ब्रेकवर मला थोडं थांबायचंय, कारण आपल्याकडचे रस्ते तसे आहेत. महाबळेश्वरहून वाईला उतरताना पसरणी घाटात पर्यटकांच्या गाड्यांमागून जळक्या लायनरचा वास येतो. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पूर्ण उतार ब्रेकवर उतरण्याचा तो परिणाम. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी मिसळलेलं ऑइल तापलं की त्यात वाफ धरते, आणि नेमक्या वळणावर पेडल खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी फिरलेली असो. हे काम चारही ठिकाणी होतं, पण फार थोडे जण आपणहून सुचवतात, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही मागा. महाबळेश्वर-पाचगणी, पाटण-कोयनेच्या लोकांनी पावसाळा संपला की मागचे ड्रम उघडून घ्यावेत. महिनोन्‌महिन्यांच्या ओलीने आत गंज धरतो आणि हँडब्रेक अडकतो.

दुष्काळी पट्ट्यातलं दुखणं वेगळं. जत-आटपाडीच्या धुळीत एअर फिल्टरला पुस्तकातलं अंतर लावू नका, निम्म्या अंतरावर उघडून बघा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा तो आत बसतो आणि गाडी तापायला लागते. उसाच्या पट्ट्यात, वाळवा-पलूसकडे, तोडणी सुरू झाली की फडातले उंदीर बाहेर पडतात आणि उबेला बॉनेटखाली शिरतात. वायर कुरतडली तर गल्लीतल्या गॅरेजला टेप गुंडाळून घेऊ नका. अशा वेळी चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन किंवा शोरूमच. शेंद्रे ते पेठ नाका या पट्ट्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाची वळणं आणि खड्डे ज्यांच्या रोजच्या वाट्याला आलेत, त्यांनी सहा महिन्यांनी अलाइनमेंट आणि बुश बघून घ्यावेत.

बिल कुठेही घ्या, पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बहुतेक भागांवर २८ होता. बिलावर अजून जुना दर दिसला तर विचारा. वाद मिटलाच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पुढे साताऱ्याला आणि सांगलीला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. कच्च्या चिठ्ठीवर मात्र तिथे उभं राहणं कठीण.

शेवटी फोनवर बोलायचं कसं ते सांगतो, कारण अर्धं काम तिथेच बिघडतं. गाडीचं मॉडेल, साल, पेट्रोल की डिझेल, किती किलोमीटर झाले आणि मागचं ऑइल कोणत्या ग्रेडचं, हे कागदावर लिहून मगच फोन लावा. आणि रोगाचं नाव तुम्ही सांगू नका, लक्षण सांगा. "डिस्क बदलायचीय" म्हणालात तर तो डिस्क बदलेल आणि पैसे घेईल. "ऐंशीच्या स्पीडला ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, तापल्यावर जास्त, सकाळी कमी" असं म्हणालात तर चांगला मेस्त्री लगेच विचारेल, "घाट उतरून गाडी लगेच धुतली होती का हो?"